ठकूबाई आणि सगुणाचं अर्धं रडणं

फार वर्षांपूर्वी, सातपुड्याच्या पायथ्याला रोशा नावाचं वासाचं गवत माणसाच्या कंबरेइतकं माजायचं, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या धवळपाणी गावात ठकूबाई नावाची बाई अंग चोळून द्यायची. तिच्या हाताखालून उठलेली म्हातारी पाण्याला पळत जायची, असं म्हणतात.

तिच्याकडे गेलं की ती आधी घोंगडीवर पालथं निजवायची. मग एकेक वाटी नाकाशी धरायची. रोशाचं तेल, वाळ्याचं, लिंबाच्या पानांचं. दुसरा हात पाठीवर ठेवून स्वतः डोळे मिटायची. ज्या वासाला श्वास थेट कंबरेपर्यंत उतरला, ते त्या बाईचं तेल. ते ऊन पाण्यात ठेवून कोमट करायची, तळपायापासून सुरुवात करायची आणि विचारायची, "जोर सोसतोय ना, माय?" बडबड्या बाईला म्हणायची, "तोंडाला विसावा दे, आता पाठीला बोलू दे." झालं की कोमट पाणी पाजायची. "लगेच उठू नको. झोप आली तर झोप, रडू आलं तर रड."

पण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. लहानपणी तिला देवी आल्या, त्यात तिचं नाक गेलं. कसलाच वास यायचा नाही तिला. ती वास ओळखायची तो दुसऱ्याच्या श्वासात.

एका साली भागाबाईच्या सुनेचं, सगुणाचं, तान्हं बाळ गेलं. सगुणा रडली नाही की झोपली नाही. पाळण्याची दोरी धरून नुसती बसायची. अंगाचं लाकूड झालं. ही पण जाते आता, असं सगळे म्हणायला लागले. तेव्हा भागाबाईनं ठकूबाईला घरी आणलं.

सगळ्या वाट्या झाल्या, श्वास काही छातीखाली उतरेना. शेवटी ठकूबाईनं विचारलं, "बाळाच्या टाळूला काय लावायचीस, पोरी?"

"वेखंड," सगुणा म्हणाली. कितीतरी दिवसांनी बोलली.

ठकूबाईनं वेखंड उगाळलं, तिळाच्या तेलात कोमट केलं आणि तिच्या नाकाशी धरलं. श्वास उतरला तो असा खोल, की पाठीवर हात फिरताच सगुणानं हंबरडा फोडला. डोंगरातले मोर गप्प झाले, असं म्हणतात.

भागाबाई गोठ्यातून धावत आली. चुलीवरचं दूध करपून घरभर वास सुटला होता, आणि ठकूबाई डोळे मिटून चोळतच होती.

"अगं, दुधाचा कोळसा झाला! तुला वास नाही आला?"

"मला वास येत नाही, भागाबाई. थोडं थांबा. तिचं रडणं पुरं होऊ द्या."

"नाक नाही, आणि वासाची तेलं लावतेस? गेलेल्या लेकराचा वास देऊन माझ्या सुनेला रडवतेस? ऊठ आधी!" आणि सुनेला म्हणाली, "गप. गप हो बरं."

दारात बाया जमल्या होत्या. ज्यांच्या पाठी ठकूबाईनं वर्षानुवर्षं चोळल्या, त्याच. एकजण म्हणाली, "मग आपल्याला काय चोळलं असेल गं, एरंडेल?" सगळ्या हसल्या. ठकूबाईनं वाट्या गोळा केल्या. "तिला कोमट पाणी द्या," एवढंच म्हणाली आणि डोंगराच्या वाटेला लागली.

सगुणाचं रडणं तिथंच तुटलं, पण ती झोपली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली, भाकर मागून खाल्ली. तेव्हा भागाबाईला आपली चूक कळली. ती अनवाणी डोंगराकडे धावली. काळ्या कातळावर ठकूबाईच्या पावलापावलाला रोशा उगवला होता, असं म्हणतात. भागाबाई त्या वासामागे माथ्यावर पोचली. तिथून चारी बाजूंना रोशाच रोशा. कुठल्या बाजूला हाक मारावी?

सगुणा जगली, लेकरंबाळं झाली. पण मधेच तोडलेलं ते रडणं तिला पुन्हा कधी आलं नाही. म्हातारपणापर्यंत तिचा श्वास छातीपाशी येऊन अडायचा.

अजून धवळपाण्यात अंग चोळताना कुणी रडायला लागलं, तर दार लोटून घेतात. सासू असो की आई, आत कुणी जात नाही आणि "गप" कुणी म्हणत नाही. बाहेर उंबऱ्याशी एकजण बसून राहते आणि हलकेच म्हणते, "ठकूबाई, पुरं होऊ दे."