धामणीचा गज

"बाबा, लोखंडी घेऊ, पितळी घेऊ, की शिसवी?"

तुळाजी दळवीनं तीन गज भवानगीर बाबांच्या पुढ्यात मांडले. ठासणीच्या बंदुकीत दारू-गोळी ठासायची आणि बार झाला की नळी पुसायची, ती ही लांब काठी. तुळाजीनं ते थेट तालुक्याच्या बाजारातून आणले होते. बाबांचा पट्टशिष्य ना! ऐरागैरा गज त्याला कसा चालेल?

बाबा गोसावी. तरुणपणी संस्थानाच्या शिकारखान्यात बंदूक चालवलेले, आता घाटाखालच्या महादेवाच्या मठीत राहायचे. आसपासच्या गावांत ज्याला म्हणून नेम धरता येत होता, तो त्यांच्याच हाताखालून गेलेला.

बाबांनी लोखंडी गज उचलला.

"हा नळीचं तोंड खातो. दोन-चार पावसाळ्यांत नेम गेला म्हणून समज."

पितळी उचलला. गुडघ्यावर जरा दाबला, तर वाकला तो वाकलाच. बाबांनी तो बाजूला ठेवला.

मग शिसवी. खरादावर फिरवलेला, गुळगुळीत, टोकाला चांदीची टोपी. बाबांनी तो उजेडात आडवा धरला.

"लाकडाच्या रेषा बघ. मधेच कडेला येऊन संपल्यात. जोर दिलास की इथंच फाकेल."

"मग तुम्हीच निवडा ना, बाबा. मला न मोडणारा गज हवाय."

"आधीचा कसला होता?"

"धामणीच्या लाकडाचा. आमच्या गावच्या सयाजी सुतारानं केलेला." तुळाजीनं मान वळवली. "ऐन वेळी मोडला."

ही गोष्ट साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. आरडाओरडा करून रानडुक्कर उठवायचा हाका होता. तुळाजीचा पहिला बार हुकला, दुसरा ठासताना गज मोडला, आणि शेजारी उभ्या असलेल्या राणोजीची, त्याच्या थोरल्या भावाची, डुकरानं मांडी फाडली. जीव वाचला. पण राणोजी अजून अंथरुणावरच होता.

"सयाजी काय म्हणतो?"

"काय म्हणणार! नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतो. वहिनींनी त्याला ओट्यावर पाय ठेवू दिला नाही. आता गावात कुणी त्याच्याकडे साधा नांगरसुद्धा नेत नाही. उद्या गाडी भरून बायकोच्या माहेरी चाललाय म्हणे, कायमचा. जाऊ दे! गेलेला बरा!"

हे शेवटचं तो जरा जोरातच बोलला.



"तुकडे आणलेस?"

"कसले?"

"मोडलेल्या गजाचे."

"रानातच पडले असतील कुठंतरी."

"हात दाखव."

"हात?"

"उजवा. ज्यानं ठासत होतास तो."

तुळाजीनं हात पुढे केला. बाबांनी वैद्यासारखा तो मांडीवर घेतला आणि शेजारी आपला तळहात उघडून ठेवला. तळहाताच्या मधोमध एक जुना पांढरा व्रण होता. त्यांनी हात पालथा केला. मागच्या बाजूलाही तसाच व्रण.

इतकी वर्षं हा हात तुळाजीच्या पाठीवरून फिरला होता, पण त्यानं तो कधी असा पाहिलाच नव्हता.

"माझा मोडला होता," बाबा म्हणाले. "ठासताना गज मोडला की पुढे जायला त्याला हातच सापडतो."

तुळाजीचा तळहात कोरा होता. साधा ओरखडासुद्धा नाही.

...

"बाबा... मोडला नाही तो."

"हं."

"मी ठासला, आणि बाहेर काढायचा राहिला. डुक्कर एकदम समोरच आलं. दादा ओरडला, तुळ्या, मार! आणि मी चाप ओढला... गोळीबरोबर गजच उडाला, बाबा. डुकराच्या डोक्यावरून सरळ रानात. हातात नुसती रिकामी नळी. पुन्हा ठासू तरी कशानं? आणि दादा माझ्या डोळ्यांदेखत..."

एवढा मिशाळ गडी, पण लेकरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

बाबांनी त्याला रडू दिलं. रागावले नाहीत. आणि रागावणार तरी काय म्हणून? डुक्कर अंगावर आलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. चूक कुणाच्याही हातून झाली असती. पण ती तुळाजीच्या हातून झाली होती आणि भोगत होता सयाजी.

बाबांनी तांब्या पुढे केला. तो दोन घोट प्यायला.

"सांगितलं तर दादा तोंड बघेल का माझं?"

"ते मला कसं ठाऊक?"

"गाव हसेल. बाबांचा चेला, आणि गज उडवून बसला म्हणतील."

"म्हणतील की. मलाही हसतील."

"तुम्हाला चालेल?"

"अरे, हसू देत. या वयात मला कोण काय करतंय!"

तुळाजीनं उपरण्यानं तोंड पुसलं. बंदूक खांद्याला अडकवली. ते तिन्ही गज तिथंच ठेवून तो दाराशी गेला, आणि थांबला. डुक्कर अजून रानात होतं. परवा पुन्हा हाका होता.

"बाबा, पण गज? कुठला घेऊ, ते राहिलंच की."

"सयाजी देईल तो," बाबा म्हणाले. "दिला तर."