मामाची भाकरी आणि कातळातलं पाऊल

एका राज्यात राजा होता असं म्हणावं, तर राज्यं होती दोन आणि मधे डोंगर होता एक. डोंगराच्या अलीकडे गोंदणकरी; अंगभर निळं गोंदण, आणि वंश मोजायचा आईकडून. राजा गेला की गादी बहिणीच्या मुलाला. पलीकडे दर्यावाले, होड्यांतून आलेले, वंश मोजायचा बापाकडून. एकमेकांचं तोंड पाहायचे ते तलवार उपसूनच. बरं, भांडण कशाचं, तर तेही कुणाला धड आठवेना!

शाप मात्र दोघांना एकच. गादीवर बसलेला राजा पायापासून वर दगड होत जाई.

गोंदणकऱ्यांचा राजा द्रुस्त कमरेपर्यंत दगड झाला होता. त्याची बहीण मोर्ना मागे एका तहापायी दर्यावाल्यांच्या राजाला दिलेली. ती बाळंतपणात गेली, तिचा नवरा पुरता दगड होऊन जिवाला मुकला, नुसता पुतळा किनाऱ्यावर उभा राहिला, आणि त्यांचं लेकरू, द्रोस्तन, मामाच्या मांडीवर वाढलं. गोंदणकऱ्यांची रीतच तशी. भाच्याला मामानं आपल्या हातानं भरवायचं, मग मामा राजा का असेना. द्रुस्त स्वतः जवाच्या भाकऱ्या थापी. कडा हमखास करपत, पण हौस दांडगी.

आता द्रोस्तनला दाढी फुटली होती. आईकडून इकडची गादी त्याची, बापाकडून तिकडचीही त्याचीच. झालं! 'राजा आमचा' म्हणत दोन्हीकडे तलवारींना धार लागू लागली. द्रोस्तनला मात्र गादीचं सोयरसुतक नव्हतं, त्याचा सगळा जीव मामात अडकलेला. रोज सकाळी तो मामाच्या अंगावर हात ठेवून पाही, दगड कुठवर चढला ते.

"चाचपतोस काय रे?" मामा म्हणे. "मी काय बाजारातला बैल आहे?"

एका सकाळी दगड बरगड्यांना टेकला. त्याच सकाळी खिडकीत एक म्हातारा डोमकावळा येऊन बसला आणि माणसाच्या वाणीनं बोलला.

"राजपुत्रा, शाप ज्या जादूगाराचा, त्याचा मी पक्षी. शाप उतरवायचा तर कामं तीन. गुहेतल्या खजिन्यातून त्याचं वाडगं आण. काळ्या तळ्याचं पाणी त्यात भर. त्या पाण्यानं पाय धू, सीमेवरच्या कातळात कोरलेल्या पावलात ठेव, आणि तू कुणाचा ते खरं सांग. खोटं बोललास तर कातळ सोडणार नाही."

"आणि खरं काय?"

"ते सांगायची मला बंदी आहे."

द्रोस्तन निघाला. मामानं भाकऱ्या बांधून दिल्या. "जग मागाहून वाचव, आधी वेळेवर खा," एवढंच म्हणाला.

गुहेत सोन्याचा ढीग होता. सोन्याला हात लावलेले लोक सोन्याचे होऊन तिथेच उभे होते. कोपऱ्यात एक लाकडी, कड तुटलेलं वाडगं पडलं होतं. द्रोस्तननं ते उचललं आणि मागे वळून न पाहता बाहेर आला.

काळ्या तळ्यातून शेवाळाच्या आयाळीचा जादूचा घोडा, पाणघोडा, वर आला. "पाणी नेणाऱ्याला मी गिळतो."

"गिळ. पण आधी दोन घास खा. उपाशीपोटी केलेलं काम अंगी लागत नाही, असं आमचा मामा म्हणतो."

पाणघोड्यानं भाकरी चघळली. "करपलीय."

"मामाच्या हातची आहे. तीच तिची खूण."

"आजवर मला कुणी जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं," पाणघोडा म्हणाला, आणि त्यानं वाट दिली.

कातळाच्या एका अंगाला गोंदणकरी, दुसऱ्या अंगाला दर्यावाले. द्रुस्तला बैलगाडीतून आणलेलं. दगड आता खांद्यापर्यंत आला होता. द्रोस्तननं पाय धुतला आणि कोरल्या पावलात ठेवला.

"मी माझ्या बापाचा," तो म्हणाला, आणि बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घेतलं. दर्यावाल्यांनी जयघोष केला. कातळानं घोटा धरला.

"मी माझ्या आईचा," तो म्हणाला, आणि आईचं, आजीचं, पणजीचं नाव घेतलं. गोंदणकऱ्यांनी जयघोष केला. कातळ मांडीपर्यंत चढला.

आता काय सांगावं? नावं तर संपली. द्रोस्तन घाबरला, हो, राजपुत्र असून घाबरला! त्यानं गाडीकडे पाहिलं. मामाचा गळा दगड होत होता. उरल्या श्वासात त्या माणसानं भाच्याला काय विचारावं?

"सकाळपासून... जेवलास का रे?"

द्रोस्तनच्या डोळ्यांना धारा लागल्या. "बापाला मी पाहिलं नाही! आई मला आठवत नाही! मला भरवलं या द्रुस्तनं. मी माझ्या मामाचा!"

कातळानं पाय सोडला. गाडीतला दगड तडकला, आणि आतून हाडामांसाचा द्रुस्त खाली उतरताना धडपडला. "मेल्यांनो, धरा की! पायाला मुंग्या आल्यात."

कावळ्याची बंदी सुटली. तो म्हणाला, "तुमच्या दोन्ही वंशांचे पहिले राजे पोरके होते. माझ्या धन्यानं दोघांना एकाच वाडग्यातून भरवलं. राज्याभिषेकाला एकानं बापांची नावं घेतली, दुसऱ्यानं आयांची. भरवणाऱ्याचं नाव कुणीच घेतलं नाही. म्हातारा फार रडला, मग शापून गेला."

मग एका दर्यावाल्यानं तलवार म्यान केली, समोरच्या गोंदणकऱ्यानंही केली. एकाच वाडग्यातले निघालो म्हटल्यावर भांडायचं कुणाशी?

द्रुस्तनं आपली गादी भाच्याला दिली, आणि द्रोस्तन दोन्ही राज्यांचा एक राजा झाला. त्या राज्यात तेव्हापासून राजा गादीवर बसताना तीन नावं घेतो: बापाचं, आईचं आणि ज्यानं भरवलं त्याचं. मग त्या तुटक्या वाडग्यातून जवाची भाकरी खातो. करपली नसली तर लोक ती मुद्दाम करपवून आणतात.

दोन चुलींची ही कहाणी एका ताटात वाढली, ऐकणाऱ्यांच्या पोटी गोड होवो.