तान्हुबाईचं तहानलेलं शेत

ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही.

एक होता राजा, घोडेवेडा. एकदा श्रावणात तो फिरत फिरत एका गावाला आला. बाकी सारा मुलूख हिरवागार. इथं मात्र काळी रानं उघडी. पेरलेलं काहीच नाही. एक म्हातारी तेवढी बैल घेऊन कुळव हाकत होती, माती मोकळी करत होती. तिचं नाव तान्हुबाई.

राजा म्हणाला, "जमीन पडीक ठेवलीय. इथं माझ्या घोड्यांसाठी कुरण करतो. गाव उठवा."

तान्हुबाईनं बैल थांबवले. "पडीक नाही, महाराज. पाणी पितेय. तिचं पोट भरल्यावर पेरायचं, अशी आमची रीत."

राजा हसला. त्याचा घोडासुद्धा हसला. "माघात येतो. रान भरलेलं दिसलं तर तुमचं. नाहीतर घोड्यांचं."

मग पाऊस पडला. तान्हुबाईनं जमिनीला कान लावला. शेत म्हणालं, "थांब. घोटभरच झालंय."

खोटं नाही सांगत. शेत बोलतं. ऐकणारा पाहिजे.

मग दुसरा पाऊस पडला. शेजारचा सोपान वैतागला. "काकू, राजा घोडं दारात आणून बांधील, अन् तुमचं आपलं कान लावणंच चाललंय!"

शेत म्हणालं, "थांब. अर्धं पोट."

मग हस्ताचा पाऊस आला. दोन दिवस हलला नाही. शेतानं ढेकर दिला, बरं का. "आता पेर!"

साऱ्या गावानं शाळू पेरला. तुम्ही आत्ता भाकरी खाल्लीत ना, तीच ही थंडीतली ज्वारी.

दिवाळी झाली. आभाळातून थेंब नाही. जमिनीला भेगा पडल्या. पानं वळायला लागली. सोपान रडकुंडीला आला. शेत कण्हलं, "अगं, माझी तोंडं मिट. प्यालेलं उडून चाललंय."

मग तान्हुबाईनं कोळपं जुंपलं. ओळींमधली माती हलवली, भेगा बुजवल्या. तिचं बघून गावानंही बुजवल्या. एकदा, दोनदा, तीनदा.

माघात राजा आला. सगळ्यात उंच घोड्यावर बसून रानात शिरला, आणि दिसेनासाच झाला. वर कणसं, खाली राजा.

"अरे, वाट कुठाय?"

तान्हुबाईनं लगाम धरून त्याला बाहेर काढलं.

राजा खाली उतरला. "पाणी कुठून घातलंस, आजी?"

"घातलं नाही. जमिनीनं साठवलं, आम्ही राखलं."

मग राजानं मुकुट काढला आणि जमिनीला कान लावला. शेत म्हणालं, "दाणे यांचे. वाळल्या ताटांचा कडबा तुझ्या घोड्यांना ने. पण मला इथंच राहू दे, यांच्याजवळ."

राजानं मान हलवली. घोड्यानं त्याच्याआधी.

गाव जागच्या जागी राहिलं. माणसांना भाकरी मिळाली, घोड्यांना कडबा.

शेत पोटभर प्यालं, गाव पोटभर जेवलं. तुमचंही जेवण झालंय. सरका जवळ. पांघरूण पायावर घ्या नीट. मिटा डोळे.