अर्ध्या नदीत विझणारी मेणबत्ती

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की मोठ्या नदीवर पूल बांधता येतो हे तेव्हा कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. नदीच्या अलीकडे एक गाव होतं, पलीकडे बाजारपेठ होती, आणि मधे नऊ होड्या दिवसभर ये-जा करायच्या.

दिवस मावळला की नावाडी होडीच्या पुढच्या टोकाला कंदील टांगायचे. त्या कंदिलात तेलाचा दिवा चालत नसे, कारण होडी हलली की तेल सांडायचं. म्हणून त्यांना मेणबत्ती लागायची. आणि गावात मेणबत्त्या करणारी एकच बाई होती. तिचं नाव सोनकी.

सोनकी वयानं लहानच. कडेवर वर्षाची मुलगी, घरात म्हातारी सासू, आणि नवरा मिठाच्या तांड्याबरोबर लांबच्या मुलखात गेलेला. तो येईपर्यंत घरातली चूल पेटायची ती या मेणबत्त्यांच्याच जिवावर. 

डोंगरातले लोक तिला मध काढून घेतलेली मधमाश्यांची पोळी आणून द्यायचे. ती पोळी पाण्यात उकळायची, फडक्यातून गाळायची, की पिवळंधमक मेण निघायचं. बांबूच्या नळ्या उभ्या चिरून, पुन्हा दोरीनं आवळून तिनं साचे केले होते. नळीच्या तोंडावर एक काडी आडवी ठेवायची, काडीला सुताची वात बांधून आत सोडायची आणि वरून पातळ मेण ओतायचं. वात ती मुद्दाम बोटभर आखूड ठेवायची, म्हणजे मेणबत्तीचं बूड कसं गुळगुळीत दिसायचं. सासूसुद्धा बोट फिरवून म्हणायची, हात चांगला आहे हो पोरीचा.

आता तुम्ही विचाराल, मग अडलं कुठं? अडलं ते लोकांच्या बोलण्यात.

नावाडी म्हणायचे, तुझी मेणबत्ती अर्ध्या नदीत विझते. देवळातला गुरव म्हणायचा, धूर फार होतो, गाभारा काळा झाला. शिंपी म्हणायचा, मेण ओघळून माझ्या कापडावर सांडतं. आणि पाटलीणबाई म्हणायची, अगं, माझी तर किती सुरेख जळते, जेवणं होईपर्यंत हलत नाही ज्योत.

सोनकीला काही कळेना. सगळ्या मेणबत्त्या एकाच कढईतल्या, एकाच हातच्या. मग एकाकडे विझते, एकाकडे धुरते, एकाकडे गळते आणि एकीकडे सुरेख जळते, हे कसं काय? रात्री मुलीला थोपटताना तिला वाटायचं, आपल्या हाताला कुणाची नजर लागली असेल. सकाळी वाटायचं, मेणच वाईट असेल. दुपारी वाटायचं, लोक खोटं बोलत असतील. संध्याकाळी पुन्हा कुणीतरी विझलेलं थोटूक आणून दाखवायचं.

मग तिनं लोकांना विचारायला सुरुवात केली. आणि लोकांना तेवढंच हवं असतं.

तेलीण म्हणाली, वात जाड कर. सोनकीनं वात जाड केली. धूर दुप्पट झाला. गुरव म्हणाला, वात बारीक कर. तिनं बारीक केली, तर ज्योत तांदळाएवढी झाली. कुणी म्हणालं, मेणात राळ घाल, कडक होईल. घातली, तर मेणबत्तीला तडे गेले. कुणी म्हणालं, तडे जाऊ नयेत तर ओल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेव. ठेवल्या, तर वातीत पाणी मुरलं आणि मेणबत्ती पेटताना फुलबाजीसारखी तडतडू लागली. गिऱ्हाइकाच्या मिशीवर ठिणगी उडाली, ते वेगळंच.

शेवटी एक दिवस नावाड्यांचा म्होरक्या तिच्या दारात आला. दाढी पांढरी झालेला, थोडकं बोलणारा माणूस. सोनकी त्याला मामा म्हणायची. त्यानं ओसरीवर बसून पाणी घेतलं आणि सरळ विषयाला हात घातला. पलीकडच्या पेठेतला एक व्यापारी मेणबत्त्या द्यायला तयार आहे, असं तो म्हणाला. काल भर प्रवाहात कंदील विझला आणि होडी खडकाला घासली. आत बायका-मुलं होती.

“आठ दिवस थांबतो,” तो म्हणाला. “तेवढ्यात अशी मेणबत्ती दे, जी पलीकडे जाईपर्यंत टिकेल. नाही जमलं तर नऊच्या नऊ होड्या त्याच्याकडे जातील. राग मानू नकोस, पोरी.”

सोनकीनं राग मानला नाही. तिनं मनात हिशेब मांडला. नऊ होड्या गेल्या, तर उरणार कोण? एक पाटलीणबाई, आणि तिला महिन्याला दोन-चार मेणबत्त्या पुरायच्या.

घाबरलेल्या माणसाचं होतं तेच तिचं झालं. तिनं सगळ्यांचं सगळं एकदम केलं. वात थोडी जाड, थोडी बारीक, अशी दोन पदरी वळली. राळ घातली, पण निम्मी. पानात गुंडाळलं, पण पान पुसून. मेण कुणी कढत ओत म्हणालं होतं, कुणी कोमट ओत म्हणालं होतं, म्हणून अर्धं कढत आणि अर्धं कोमट ओतलं. झालेली मेणबत्ती तिनं पेटवून पाहिली, नखाएवढी जळू दिली, बरी दिसली तशी फुंकून विझवली, आणि आठव्या दिवशी टोपली घेऊन घाटावर गेली.

म्होरक्यानं टोपलीतली एक मेणबत्ती उचलून कंदिलात लावली. मग म्हणाला, तूही बस होडीत.

सोनकी मुलीला छातीशी धरून बसली. ऊन उतरलं होतं, पाणी काळंसर दिसू लागलं होतं. निम्मी नदी सरेपर्यंत ज्योत ताठ होती. सोनकीला वाटलं, जमलं एकदाचं. तेवढ्यात ज्योत एका अंगाला कलली, मेणबत्तीची एक बाजू ढासळली, मेण भळाभळा वाहून गेलं, वात धुमसली आणि विझली.

नावाड्यांनी वल्ही थांबवली. म्होरक्यानं दुसरी मेणबत्ती लावली, आणि ती शांतपणे लावता लावताच त्यानं विचारलं,

“तुझ्या घरी किती वेळ चालते ही?”

सोनकी गोंधळली. “आमच्या घरी नाही लावत, मामा. आमच्याकडे करंजाच्या तेलाचा दिवा असतो. विकायची वस्तू घरात कशी जाळायची?”

“एकदाही नाही?”

“पेटवून बघते की. पण लगेच विझवते.”

म्हाताऱ्यानं पुन्हा वल्ही मारायची खूण केली. पलीकडच्या काठाला लागल्यावर त्यानं व्यापाऱ्याला निरोप धाडला. शब्द दिला होता, तो पाळला. सोनकी रिकाम्या होडीतून परत आली, आणि तिची टोपली भरलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं ओसरीवर एक मेणबत्ती लावली. सासू कपाळावर हात मारून म्हणाली, आता सूर्याला उजेड दाखवायचा राहिला होता का? शेजारच्या बायका कुंपणावरून डोकावून हसल्या. एकीनं तर विचारलं, सोनकी, दिवसा कसली पूजा आहे गं?

सोनकी हलली नाही. मुलीला मांडीवर घेऊन ती नुसती बघत बसली. पहिला निम्मा भाग सुरेख जळला, अगदी पाटलीणबाई म्हणायची तसा. मग वात हळूहळू मधून बाजूला सरकलेली दिसली. जसजशी मेणबत्ती खाली गेली, तसतशी वात कडेला गेली. तिथं मेणाची भिंत पातळ. ज्योतीनं ती वितळवली, मेण गळालं, वातीला मेण कमी पडलं, तशी ती धुरू लागली. मग विझली.

सोनकीनं दुसरी लावली. तीही तशीच विझली. तिसरी तिनं सुरीनं उभी चिरली, आणि तिला सगळं दिसलं.

वात वर काडीला बांधलेली, पण खाली मोकळी. वरून मेण ओतलं की त्या धारेनं आखूड वात एका अंगाला ढकलली जायची. बूड गुळगुळीत दिसावं म्हणून जे केलं होतं, तेच घात करत होतं. विझणं, धुरणं, गळणं ही तीन दुखणी नव्हती, दुखणं एकच होतं. पाटलीणबाईची मेणबत्ती सुरेख जळायची, कारण तिच्या घरातली माणसं भराभर जेवायची. खालचा भाग जळायची वेळ यायची तेव्हा ती मेणबत्ती फेकून नवी मागवायची.

सोनकीनं सगळ्या मेणबत्त्या परत कढईत टाकल्या. राळ घातलेलं मेण वेगळं काढून सुताराला होडीच्या फटी बुजवायला दिलं. प्रत्येक नळीच्या खालच्या बंद टोकाला तिनं भोक पाडलं, वात त्यातून ओढून गाठ मारली, भोक मातीनं लिंपलं, आणि मग साधंच मेण ओतलं. मेणबत्तीचं बूड आता ओबडधोबड दिसायचं. पण पहिली मेणबत्ती तिनं घरातच, शेवटच्या थेंबापर्यंत जाळली. सासू त्या उजेडात वाकळ शिवत बसली, आणि वाया गेली, वाया गेली म्हणता म्हणता वाकळेचा एक अख्खा कोपरा शिवून झाला.

म्होरक्यानं नव्या मेणबत्त्या पाहिल्या. पण व्यापाऱ्याला त्यानं शिमग्यापर्यंतचा शब्द दिला होता. व्यापाऱ्याची परवानगी काढून त्यानं फक्त आपल्या एका होडीसाठी घेतल्या. ते चार महिने सोनकीला जड गेले. मुलीच्या दुधात पाणी वाढलं, स्वतःच्या ताटातली भाकरी अर्धी झाली. पण शिमगा झाला तशा उरलेल्या आठ होड्या एकेक करून तिच्या दारी आल्या. म्होरक्याचा कंदील एकदाही विझला नव्हता, आणि ते सगळ्या नदीनं पाहिलं होतं.

त्यानंतरही लोक सल्ले देतच राहिले. कुणी म्हणालं रंग घाल, कुणी म्हणालं वास घाल. सोनकी सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “बरं काकू, आधी घरी एक जाळून बघते.”

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: आपण केलेली वस्तू आधी आपण स्वतः शेवटपर्यंत वापरून बघावी, नाहीतर गावभर सल्ले विचारूनही आपली चूक आपल्याला सापडत नाही.