तळ्याला पांघरूण घालणारी धुरपाबाई

फार वर्षांपूर्वी, घाटात रस्ता नव्हता आणि पठारावर चढायला बैलसुद्धा कुरकुरायचे तेव्हा, हिरडवाडीत धुरपाबाई नावाची एक पाटकरीण होऊन गेली. तळ्याचं पाणी पाटात सोडायचं आणि ज्याची पाळी त्याच्या शेतात वळवायचं, हे पाटकऱ्याचं काम. आधी ते तिचा सासरा करायचा. सासरा गेला. नवरा लखू स्वभावानं इतका गरीब की कुणीही डोळे वटारावेत आणि पाणी आपल्या रानात घेऊन जावं. मग एक दिवस धुरपाबाईनं स्वतःच फावडं खांद्यावर घेतलं, आणि गावातली पाण्याची चोरी संपली.

तिचा आवाज फार मोठा होता. ती बांधावर उभी राहून ओरडली की खालच्या खोऱ्यातल्या बायका एकमेकींना विचारायच्या, काय गं, आपल्याला काही म्हणाली का. तळ्यावर बिबट्या यायचा, तोही आधी कानोसा घेऊन, असं म्हणतात. एकदा तो पाळी सोडून पाण्यावर आला तर बाईनं त्याला म्हशींचं पिऊन होईपर्यंत थांबवून ठेवला. आता हे बघायला मी नव्हते, तुम्हीही नव्हता. पण धुरपाबाईनं थांब म्हटलं असेल तर तो थांबला असेल.

हिरडवाडीचं तळं गावाच्या वरच्या अंगाला. बांधाच्या पोटातून दगडी मोरी काढलेली, आणि मोरीचं तोंड तळ्याच्या आत, पुरुषभर पाण्याखाली. पालापाचोळा आणि खेकडे आत जाऊ नयेत म्हणून तोंडावर कारवीच्या काठ्यांची जाळी. वरून बघितलं तर काही दिसायचं नाही, नुसतं पाणी. गावाचा सगळा जीव त्या न दिसणाऱ्या तोंडात होता.

कारण पठारावर पौषात हिव पडतं. हिव म्हणजे गोठलेलं दव. पहाटे गवतावर मीठ सांडल्यासारखं दिसतं आणि फुलावर आलेला हरभरा उकडल्यासारखा काळा पडतो. त्याला उपाय एकच, रात्रभर शेतात पाणी खेळवायचं. वाहत्या पाण्यानं भिजलेल्या रानावर हिवाला बसता येत नाही. म्हणून थंडीत मोरी वाहती पाहिजे. उन्हाळ्यात पाणी अडलं तर माणसं भांडतात. थंडीत अडलं तर पीक मरतं, आणि मग माणसं भांडायलासुद्धा उरत नाहीत.

तर एका वर्षी अशी थंडी पडली की तशी आधी कुणी बघितली नव्हती. कोंबडा आरवायला चोच उघडायचा आणि विचार बदलून परत मिटायचा, असं म्हणतात. शेकोटीजवळ बसलेल्या माणसाचा पुढचा अर्धा भाग घामेजायचा आणि मागचा अर्धा कुडकुडायचा. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, आणि वारा असा की तळ्याचं पाणी घटकाभर स्थिर राहीना.

अशा एका पहाटे पाट आटला.

तळं काठोकाठ भरलेलं. वर बर्फाचा पापुद्रासुद्धा नाही, लाटा उठताहेत, आणि मोरीतून पाणी नाही. मोरीचं बूच, दट्ट्या, उपसलेला होता, म्हणजे वाट मोकळी होती. लोक बांधावर जमले आणि बघत राहिले. ऊन चढलं तशी मोरी खाकरल्यासारखी वाजली आणि पाणी आपोआप सुरू झालं. दुसऱ्या पहाटे परत तेच.

"आसरा आहेत," पाटील म्हणाला. सुभाना पाटील गावचा मोठा माणूस, मिशी मोठी, हरभराही सगळ्यांत मोठा त्याचाच. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, हे तुम्हाला ठाऊकच असेल. "त्यांनी आतून मोरी धरलीय. रात्री धरतात, दिवसा सोडतात."

आता पाण्यातलं कसलंही असो, लोखंडाला भितं, हे गावाला पाळण्यात शिकवलेलं. मग काय विचारता. ज्यानं त्यानं घरातलं लोखंड आणून मोरीच्या तोंडाशी सोडलं. नाल आले, फाळ आले, मोडकी कुदळ आली, एका म्हातारीनं तवा सोडला. भैरू लोहारानं कारवीची जाळी काढायला लावली आणि जाड लोखंडी गजांची नवी जाळी करून बसवली. धुरपाबाई काही मागे राहिली नाही. तिनं आपला कापणीचा विळा अंबाडीच्या दोरीनं बांधून सोडला, आणि वर आसरांना चार शब्दही सुनावले.

त्या रात्री मोरी पहाटेपर्यंतही टिकली नाही. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात बंद पडली.

"लोखंड कमी पडलं," भैरू म्हणाला. दुसऱ्या दिवशी आणखी लोखंड पडलं आणि मोरी आणखी लवकर बंद झाली. खालच्या आळीच्या रानातला हरभरा काळा पडायला लागला.

तेव्हा पाटलानं सांगितलं, "उद्या बांध फोडायचा. कडेनं चर खणू, पाणी सरळ रानात जाऊ दे."

"आणि चैत्रात काय प्यायचं?" धुरपाबाईनं विचारलं. "तुमची मिशी पिळून?"

लोक हसले. एकदा फोडलेला बांध पाण्याचं ऐकतो, माणसाचं ऐकत नाही. चर म्हणता म्हणता खिंडार होणार, हे लहान पोरालाही कळत होतं. पण डोळ्यांसमोर पीक मरत असलं की चैत्र फार लांब वाटतो.

पाटील चिडला नाही. तो थकला होता. "धुरपे, दुसरं काही असेल तर सांग. नसेल तर बाजूला हो."

तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तरी ती घरी बसून राहिली नाही. फटफटायच्या आधी बांधावर गेली आणि म्हणाली, निदान माझा विळा तरी परत घेते, आसरांना त्याचं काही कौतुक नाही. दोरी ओढली तर विळा वर येईना. जोर लावून ओढला तेव्हा आला. आणि त्याच्याकडे बघून धुरपाबाई जन्मात पहिल्यांदा गप्प झाली, असं म्हणतात.

विळ्याला दाढी आली होती. पात्यावर पांढरे, खडीसाखरेसारखे खडे दाट चिकटले होते, एकावर एक. लाकडी मूठ मात्र काळी ती काळीच. अंबाडीची दोरी स्वच्छ. तिनं खडा तोडून तोंडात टाकला. पाणी झालं.

तिनं एवढं केलं आणि मग खाली बसून विचार केला. पाण्याच्या पोटात हिव फिरतंय. वारा पाणी घुसळतोय, म्हणून ते वर साय धरून बसत नाही, तळापर्यंत जातंय. आणि जिथे लोखंड सापडतंय तिथे घर करतंय. आम्ही त्याला गावातलं सगळं लोखंड नेऊन दिलं. जाळीसुद्धा.

मग तिनं आणखी एक केलं. खडे खरवडून बांधावर ठेवले आणि तोच विळा पुसून तळ्याच्या कोपऱ्यात, लव्हाळ्याच्या दाट जाळ्याखाली सोडला, जिथे वारा लागत नाही आणि पाण्याला आभाळ दिसत नाही. तांबडं फुटेपर्यंत थांबली आणि ओढला. विळा काळा. नुसता ओला.

लोक कुदळी घेऊन बांधावर आले तेव्हा ती विळा हातात घेऊन वाटेत उभी होती.

"लोखंड काढा सगळं," ती म्हणाली. "जाळी पण. कारवीची परत बसवा. आणि मोरीच्या वरच्या पाण्याला छप्पर घाला."

"आसरांसमोरचं लोखंड काढायचं?" भैरू म्हणाला. जाळी त्याची होती, त्याला झोंबलं. "त्या काय आपल्या माहेरवाशिणी आहेत?"

"भैरूभावजी, बाई लोखंडानं पळते होय? मी सासरी आल्यापासून विळा, कोयता, फावडं, हेच बघतेय. पळाले का मी?"

"तू नाही पळालीस," लखू मागून हळूच म्हणाला. त्याचं तेवढंच एक वाक्य गावानं लक्षात ठेवलंय.

पण लोक हलेनात. विळा बघितला, खडे चाखले, माना डोलावल्या, तरी हलेनात. भीती चाखून जात नाही. तेव्हा धुरपाबाईनं आवाज खाली आणला, आणि तिचा खाली आणलेला आवाज म्हणजे आपला हाक मारण्याचा.

"बरं, आसरा आहेत असं धरा. या थंडीत त्या पाण्यात बसल्यात, उघड्या. अंगावर चिंधी नाही. वरून आपण त्यांच्या डोक्यात फाळ टाकतोय, तवे टाकतोय. मी असते तर मोरी धरली नसती, बांधच उलथला असता. अरे, गारठलेल्या बाईला आधी पांघरूण देतात."

हे मात्र सगळ्या बायकांना पटलं. आणि बायकांना पटलं म्हटल्यावर पुरुषांनी कुदळी खाली ठेवल्या.

"एक रात्र," पाटील म्हणाला. "उद्या पाट आटला तर बांध फोडणार."

"आटला तर पहिली कुदळ मी मारते," धुरपाबाई म्हणाली. सासऱ्याच्या बापानं पाठीवर माती वाहून तो बांध घातला होता. ती असं म्हणाली तेव्हा लखूनं खाली बघितलं.

लोखंड काढायला पाण्यात कोण उतरणार, हे विचारायची वेळच आली नाही. तिनं पदर खोचला आणि उडी मारली. पाण्याखालीही तिचं भांडण चालूच होतं, असं म्हणतात. वर जे बुडबुडे येत होते ते फुटताना त्यातून शब्द ऐकू येत होते, आणि काठावरच्या आयांनी मुलांचे कान झाकले होते. तिनं नाल काढले, फाळ काढले, म्हातारीचा तवा काढला. शेवटी ती लोखंडी जाळी उपटून वर फेकली, ती थेट भैरूच्या पायाशी. कारवीची जाळी बसवून बाहेर आली तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. हिव बसलंय, शेकल्यावर जाईल, असं लोकांना वाटलं. ते काही गेलं नाही. तेव्हापासून ते पांढरेच राहिले.

आता छप्पर. एवढं मोठं छप्पर संध्याकाळपर्यंत आणायचं कुठून? नवी कारवी तोडून, विणून होणार नव्हती. धुरपाबाईनं गावाकडे बघितलं. हिरडवाडीत तेव्हा सगळ्यांच्या भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून वर शेण-माती लिंपलेल्या.

"भिंती काढा," ती म्हणाली, आणि आधी स्वतःच्या घराची काढली.

घरोघरचे कूड निघाले. लिंपण झटकलं, काठ्यांत भाताचा पेंढा कोंबला, कुडाला कूड बांधला आणि पाण्यावर सोडत गेले. तळ्यावर जणू गावाची एक मोठी गोधडी अंथरत गेली. वाऱ्याला हलवायला पाणी मिळेना, थंड आभाळाला बघायला पाणी मिळेना. अगदी मोरीच्या वर मात्र एक मोठी फट उरली. काढायला कूडच राहिला नाही.

एकट्या पाटलाचं घर दगडाचं होतं. त्याच्याकडे कूड नव्हता. लोक त्याच्याकडे बघायला लागले. धुरपाबाईसुद्धा. पाटील घरी गेला. परत आला तेव्हा त्याच्या आणि त्याच्या गड्याच्या खांद्यावर फणसाच्या लाकडाचं दार होतं, घराचं पुढचं, नक्षीचं. त्यानं स्वतः ते पाण्यावर ठेवलं आणि फटीत सरकवलं. बरोबर बसलं.

"दार एकदाचं कामाला आलं," धुरपाबाई म्हणाली. "आजवर आमच्या तोंडावर लावायलाच होतं."

त्या रात्री हिरडवाडीत पाटलाचं सोडलं तर एकाही घराला बाजू नव्हती. सगळे सगळ्यांना दिसत होते. कोण घोरतं, कोण सासूच्या पाठीमागे तोंड वाकडं करतं, कुणाच्या चुलीवर रोज तूप असतं आणि बाहेर नाचणीची भाकरी सांगतं, सगळं उघडं पडलं. गाव कुडकुडलं आणि गाव हसलं. मधे शेकोट्या पेटवल्या आणि ज्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं तेही एकाच जाळावर हात धरून बसले, कारण पाठ फिरवली तर पाठीमागेही शेजारीच होता.

धुरपाबाई बांधावर. तिनं एक विळा उघड्या पाण्यात सोडला होता आणि एक दाराच्या फटीतून मोरीच्या तोंडाशी. उजाडताना तिनं दोन्ही ओढले. उघड्या पाण्यातला पांढरा, दाढी धरलेला. मोरीचा काळा. खाली पाट खळखळ वाहत होता, एकदाही अडला नव्हता.

तिनं ओरडून सांगितलं, "काळा." एवढंच. तो एक शब्द खालच्या खोऱ्यातसुद्धा ऐकू गेला, आणि तिथल्या बायकांनी पहिल्यांदाच विचारलं नाही की आपल्याला काही म्हणाली का. पाटलाच्या हरभऱ्यावर फुलं जशीच्या तशी होती. पाटील रानात जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ मिशी पुसत राहिला. दव होतं, असं म्हणतात.

धुरपाबाई पुढे खूप जगली, भांडत जगली. ती कशी गेली ते कुणी धड सांगत नाही. एका पौषात ती विळा बघायला गेली आणि तळ्यातल्या बायांनी, आमच्यात ये, आम्हाला कुणी असं पांघरूण घातलं नव्हतं, म्हणून तिला बोलावून नेलं, असं म्हणतात. खरं असेल तर आसरांची आता काही धडगत नाही.

हिरडवाडीत आता सगळ्यांची घरं पक्की आहेत. तरी प्रत्येक घर एक कूड विणून ठेवतं आणि पौषाच्या पहिल्या थंडीला तळ्यावर नेऊन सोडतं. मोरीला लोखंड लावत नाहीत. तिच्या तोंडाशी विळा सोडतात, त्याला धुरपीचा विळा म्हणतात, आणि गावात जिचा आवाज सगळ्यांत मोठा तिला त्या महिन्याची पाटकरीण करतात. सासवा त्यासाठी सुना बघताना मुलीला हाक मारायला लावतात. पहाटे ती विळा ओढते. पांढरा म्हणाली तर सगळं गाव पेंढा घेऊन धावतं. काळा म्हणाली की लोक कूस बदलून परत झोपतात.

आणि पाटलाच्या घराला पौषात दार नसतं. त्या वंशातले लोक स्वतः ते खांद्यावर घेऊन तळ्यावर नेतात. महिनाभर त्या घरात कुणीही यावं, शेकोटीला बसावं, चहा मागावा. कुणाला अडवत नाहीत. अडवायला काही नसतंच.