चुंबकघराची किल्ली

"मग आभाळ चुकलं म्हणायचं का?"

खांबेटे सरांनी चहा ढवळता ढवळता यशोधनला विचारलं.

अंटार्क्टिकातल्या त्या तळावर आदल्या संध्याकाळी त्याची चांगलीच फजिती झाली होती. सरांनी पहिल्यांदाच त्याला एकट्याला चुंबकघरात चुंबकसुई वाचायला पाठवलं आणि हा बाहेर आला तो छातीठोकपणे सांगतच, की आज ध्रुवीय प्रकाश दिसणार. सगळे हातातली कामं टाकून कडाक्याच्या थंडीत माना वर करून उभे राहिले. आभाळ स्वच्छ होतं, चांदण्या होत्या, प्रकाशाचा मात्र मागमूस नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तर नाक चोळत विचारलं, मुहूर्त चुकला का म्हणून. ते त्याला फार लागलं. त्या पंचांग बघून घरून निघाल्या होत्या, आणि त्यावरून त्यांची सगळ्यांत जास्त टर यानेच उडवली होती.

"सुई थरथरत होती, सर. मी डोळ्यांनी पाहिलं."

"थरथरत असेल."

"सूर्याकडून कणांचा झोत येतो. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला ध्रुवाकडे वळवतं. वर हवेतल्या ऑक्सिजनवर तो आदळला की हिरवा प्रकाश पडतो. चुंबकत्व ढवळलं गेलं की सुई हलते. यात चूक कुठे आहे?"

"कुठेच नाही..." सर उठले. "चल."

चुंबकघर म्हणजे तळापासून लांब उभारलेली लाकडी खोपटी. तिचा खिळासुद्धा पितळेचा. आत लोखंड न्यायचं नाही हा तिथला एकच नियम, कारण काचेमागच्या सुईला आभाळातलं वादळ कळतं तसं जवळचं लोखंडही कळतं. खोपटीची पितळी किल्ली सरांकडे असे. पुढच्या बोटीने ते कायमचे परतणार होते. ती किल्ली आपल्या हाती यावी म्हणून यशोधन वर्षभर जीव तोडून राबत होता.

दाराशी त्याने चाकू काढला, पट्टा काढला, कपाटाच्या चाव्या काढल्या. सरांनी विचारलं, झालं सगळं? तो म्हणाला, झालं.

आत सुई शांत होती.

"काल वाचलीस तशी वाच."

यशोधन उजवा हात काचेशी टेकवून वाकला. सुई थरथरली.

"बघा, सर." त्याचा चेहरा उजळला.

"हात काढ."

त्याने काढला. सुई डुलत डुलत जागेवर आली.

"ठेव."

पुन्हा थरथरली...

मग यशोधननेच हातमोजा उतरवला. मधल्या बोटात काळी अंगठी होती, घोड्याच्या नालेची. साडेसाती सुरू आहे म्हणून आईने निघताना दिलेली. रोज बाहेर पडताना कुणी बघत नाही असं पाहून तो ती बोटात घाली आणि वरून मोजा चढवी. ती लोखंडाची आहे हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. शरमेने त्याचे कान तापले.

"आईसाठी घालतो, सर," तो पुटपुटला. "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

सरांनी किल्ली परत खिशात टाकली.

"तुझा नसेल. सुईचा आहे."