गाळाचं घर

"…मग एका अख्ख्या नदीला निवळीच्या बिया किती लागतील, बाबा?"

विचारताना केरोबाला धाप लागली होती. हातात मडकं होतं. मडक्यातल्या पाण्यातून तळाचा गाळ लख्ख दिसत होता.

हंसगिरीबाबा मठाच्या पायरीवर बसून झोळीला ठिगळ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सकाळी हेच पाणी नाचणीच्या आंबिलीसारखं होतं, बाबा! मडक्याला आतून निवळीची बी घासली, घटकाभर झाकून ठेवलं, आणि आता बघा!"

"बघितलं."

"एका मडक्याला एक बी. मग नदीला…"

"मडकी मोज."

केरोबा मोजायला बसलाही असता. काशीला बारा वर्षं शास्त्रं घोकून आलेला बाबांचा शिष्य; अमुक एक गोष्ट आपल्याला जमणार नाही, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी खालच्या गावची माणसं मठात आली होती. सगळ्यांत पुढे सारजाबाई.

"निम्मं गाव हगवणीनं आडवं झालंय, महाराज," ती म्हणाली होती. "डोहात ह्यो एवढा गाळ. घागर बुडत न्हाई. प्यायचं काय आमी?"

बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात केरोबा उठून उभा. "पौर्णिमेच्या आत नदी नितळ करून देतो! नाही दिली, तर या मठाची पायरी पुन्हा चढणार नाही!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! बाबांनी तेव्हाही ठिगळातून मान वर केली नव्हती.

आणि आता पौर्णिमा परवावर आली होती.

केरोबाने वरचं पाणी तांब्यात ओतून घेतलं. खाली बोटभर गाळ उरला. तो फेकायला त्याने मडकं कलतं केलं, तशी बाबांनी सुई झोळीत खोचली. ते उठले. मडक्यात हात घालून त्यांनी तो गाळ काढला, पळसाच्या पानावर घेतला, पानाची पुडी बांधली आणि ती केरोबाच्या हातावर ठेवली.

"पाण्याचं झालं. पण हा कोण?"

"हा? हा गाळ, बाबा."

"कुठला?"

"नदीतला."

"नदीत तो मुक्कामाला आलाय. घर कुठं त्याचं? घरी पोचवून ये त्याला."

केरोबाने पुडी उलटीपालटी करून पाहिली. मग एकदम त्याचे डोळे चमकले.

"बाबा! म्हणजे हा कुठून तरी निघालाय! म्हणजे वर कुणीतरी…"

बाबा पुन्हा ठिगळाला लागले होते.

केरोबा धावत सुटला. धोतराचा सोगा कमरेला खोचून, पुडी छातीशी धरून, नदीच्या काठाकाठाने वर. इतका आनंद त्याला काशीत वादसभा जिंकल्यावरही झाला नव्हता.

कोसभरावर दोन ओढे एकत्र येत होते. त्याने डावीकडच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. पाची नखं दिसली. उजवीकडच्यात घातला. मनगटाच्या खाली हात गडप.

"सापडला!" तो ओरडला. ऐकायला तिथे एक बगळा होता, तो उडून गेला.

सकाळी सर येऊन गेली होती. पाऊस काही पंक्तिप्रपंच करत नाही. दोन्ही डोंगरांवर तो सारखाच पडला होता. डावीकडच्या डोंगरावर कारवीची दाटी होती, झाडं होती. उजवीकडचा डोंगर वळणाआड होता. केरोबा उजवीकडे वळला.

पुढे पुन्हा फाटा. तिथे बांधावर एक धनगराची म्हातारी गवत कापत होती. ठकूबाई तिचं नाव. तिच्या बाजूच्या ओढ्यात तळाचे खडे मोजून घ्यावेत. पलीकडचा ओढा तांबडालाल.

"आजी, तुमच्या बाजूचं पाणी एवढं स्वच्छ कसं?"

"न्हाई तर कसं असंल?" तिला प्रश्नच विचित्र वाटला. "आमी गवात कापतो, मूळ उपटत न्हाई. गुरास्नी वढ्यात उतरू देत न्हाई. जमीन जागची हालत न्हाई, मंग पानी कशानं खराब व्हईल?"

"आणि त्या बाजूचं?"

ठकूबाईने विळा खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला.

"तिकडं वर कुनी तरी लई शाना मानूस बसलाय. डोंगर सोलून काढलाय त्यानं, कोंबडी सोलावी तसा! दोन सालं झाली. आदी आमी त्याच वढ्याचं पानी प्यायचो."

"कोण आहे तो?"

"मी कशाला जाते बघाया? आमची वाट न्हाई ती. तुमी जा. दोन शब्द सुनवा त्येला."

"दोन? दोनशे सुनावतो!"

केरोबाचं रक्त उसळलं. चढता चढता तो मनात भाषणाची जुळवाजुळव करू लागला. पृथ्वी, जल, पाप, प्रायश्चित्त… तीन श्लोक तर तोंडावरच होते. निसरड्या दगडावरून दोनदा घसरला, गुडघा फुटला, पण पुडी त्याने सोडली नाही. ओढा बारीक होत होत चिंचोळी घळ झाला. शेवटचा चढ तो हातापायांवर चढला, आणि ओरडायला त्याने तोंड उघडलं.

समोर पिवळाधमक झेंडूचा मळा होता.

केरोबाचं तोंड उघडंच राहिलं. या ओळी त्याच्या ओळखीच्या होत्या. त्यानेच आखल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी, मठाच्या मूळ पुरुषाच्या समाधीवर रोज हजार फुलं पडावीत म्हणून, मठामागच्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावरची झाडी त्याने तोडवली होती. वरून खाली सरळ नांगर धरायला लावला होता. गडी म्हणाला होता, महाराज, आडवा धरू का? पण उभ्या ओळी माथ्यावरून कशा देखण्या दिसतात! केरोबा येई तो माथ्याच्या पायवाटेने, वरच्या कडेवरून फुलं खुडी आणि त्याच वाटेने मठात परते. वरून फक्त फुलं दिसत. खालून तो आज पहिल्यांदा आला होता.

खालून वेगळंच दिसत होतं. प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये गुडघाभर चर पडला होता. चरांतून सकाळच्या सरीचं तांबडं पाणी अजून वाहत होतं. रोपांची मुळं उघडी पडली होती. गवताची काडी नव्हती. तण त्याने लागवडीच्या वेळी स्वतः भजन म्हणत म्हणत उपटलं होतं. मागच्या महिन्यात पंधरा गाड्या शेणखत टाकलं होतं, त्याचा मागमूस नव्हता. ते कुठे गेलं, हे त्याला आता कुणी सांगायला नको होतं. ते सारजाबाईच्या घागरीत गेलं होतं.

त्याने पुडी सोडली. पुडीतला गाळ चराच्या काठावर मांडला. रंग तोच, वास तोच. तसूभर फरक नाही.

पोचला एकदाचा घरी…

तेवढ्यात वरून पाण्याचा एक ओघळ आला आणि तो गाळ उचलून पुन्हा खाली निघाला. केरोबाने दोन्ही तळहात आडवे घातले. पाणी हातांना वळसा घालून गेलं.

पौर्णिमेला सकाळीच गाव आलं. केरोबा पायरीच्या खाली उभा होता. खांद्यावर गाठोडं होतं, फुटलेल्या गुडघ्यावर चिंधी होती.

"नदी नितळ झाली नाही," तो म्हणाला. "होणारही नव्हती. तो गाळ माझा आहे."

आणि त्याने सगळं सांगितलं. झाडी, नांगर, खत, सगळं. सांगताना त्याने काही गाळलं नाही.

"म्हंजी… देवाच्या फुलांनी माझी सून तीन आठवडे अंथरुनात?" सारजाबाई म्हणाली.

"होय, बाई."

ती दोन पावलं पुढे आली. म्हणाली, "ह्ये तुमी सोताच्या तोंडानं सांगितलं म्हनून उभी हाय मी. न्हाई तर…"

केरोबाने खाली वाकून पायरीला हात लावला, कपाळाला लावला आणि जायला वळला.

बाबा उठले. दोन पायऱ्या उतरून त्यांनी त्याच्या खांद्यावरचं गाठोडं काढून घेतलं आणि वरच्या पायरीवर ठेवलं.

केरोबाला आधी कळेना. मग कळलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दोन रात्री कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"बाबा! मला आता कळलंय काय करायचं ते! तोवर गावाने प्यायला डावीकडच्या ओढ्याचं पाणी भरावं, त्याचा तळ दिसतो! आणि मी उद्याच मळा उपटून काढतो, एक रोप ठेवत नाही! शंभर माणसं लावतो, अख्खा उतार पुन्हा खणतो, आडवे बांध घालतो! रात्रंदिवस तिथेच उभा राहतो! पुढच्या पौर्णिमेच्या आत, सारजाबाई, माझा शब्द आहे…"

"केरोबा."

"जी, बाबा!"

"तू तिथनं जरा सरक. गवताला बसू दे."